बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानात बसण्यापूर्वी: आपल्या बांध्याला सोसेल अशी सीट कशी निवडावी

तालमीत वाढलेल्या माझ्या भाच्याच्या अंगावर चरबी शोधूनही सापडणार नाही, तरीही पहिल्या विमानप्रवासात तो सारा वेळ एका अंगावर कलून बसला होता, कारण त्याचे खांदे सीटच्या दोन्ही बाजूंनी बाहेर जात होते. खिडकीकडच्या गृहस्थांना त्याचा दंड लागत होता आणि वाटेवरून जाणारी ट्रॉली दर खेपेला त्याच्या कोपरावर आदळत होती. त्याच्या पुढच्याच रांगेत त्याची आजी, म्हणजे माझी आई, बसली होती. तिची उंची पाच फुटांहूनही कमी असल्याने तिला जागा भरपूर होती, पण पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि विमान थांबेपर्यंत मांड्यांना अशा मुंग्या आल्या होत्या की शिडीवरून तिला धरून उतरवावे लागले. एकाच विमानात, एकाच मापाच्या दोन सीटांवर, एकाच घरातली दोन माणसे अगदी उलट कारणांनी अवघडली होती.

विमानातल्या अपुऱ्या जागेचा विषय आपल्याकडे निघाला की बोलणे लगेच कुणाच्या तरी पोटावर येऊन थांबते आणि मग हसण्यावारी जाते. वास्तविक हा प्रश्न जाड-बारीकपणाचा नसून मापांचा आहे. सीटचे माप ठरलेले असते, आपलेही ठरलेले असते, आणि या दोहोंची गाठ घालून पाहण्याचे काम तिकीट काढण्याआधी घरी बसून करता येते. ते तेव्हा केले नाही, तर रांगेत बसल्यावर तोच हिशेब शेजारच्या अनोळखी माणसाशी करावा लागतो, आणि तेथे तो बहुधा भांडणाच्या किंवा मुकाट सोसण्याच्या रूपाने होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून नव्याने विमानप्रवास करू लागलेल्या कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून तो हिशेब येथे मांडला आहे.

टेप घेऊन घरीच मापे घ्यावीत

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप पुरते. सीटची मापे सर्वत्र इंचांत सांगितली जातात, म्हणून आपणही इंचच धरावेत.

पहिले माप बसल्यावरच्या रुंदीचे. कमरेचा घेर येथे काही कामाचा नाही, कारण उभे असताना आणि बसल्यावर शरीर निराळे पसरते. सपाट लाकडी बाकावर बसावे, घरातल्या कुणाला तरी दोन्ही बाजूंना मांड्यांना व नितंबांना अलगद टेकतील अशी दोन जाड पुस्तके उभी ठेवायला सांगावे, आणि उठून त्या दोन पुस्तकांमधले अंतर मोजावे. दुसरे माप खांद्यांचे. हात सैल सोडून भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि एका दंडाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या दंडाच्या बाहेरच्या कडेपर्यंतचे अंतर भिंतीवर खूण करून मोजावे. सदऱ्यासाठी शिंपी घेतो ते खांद्याचे माप यापेक्षा कमी भरते, त्यामुळे त्यावर विसंबू नये. तिसरे माप पायांचे. भिंतीला पाठ आणि बैठक पूर्ण टेकवून बाकावर बसावे आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत टेप धरावी. ज्यांची उंची कमी आहे त्यांनी चौथे मापही घ्यावे, ते म्हणजे बसल्यावर गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचे.

मापे घेताना प्रवासात घालणार तेच कपडे अंगावर असावेत. निऱ्यांचा जाड घोळ असलेले नऊवारी किंवा दिल्लीच्या थंडीसाठी घेतलेला जाड कोट यांनी माप सहज इंचभर वाढते, आणि विमानात इंचभर म्हणजे पुष्कळ असते.

कंपन्यांचे आकडे कसे वाचावेत

सीटची रुंदी म्हणजे हात टेकायच्या दोन दांड्यांमधले, अर्थात दोन आर्मरेस्टांमधले अंतर. एअरबस ए ३२० जातीच्या विमानांत, स्वस्त वर्गात, ते साधारण १७ ते १८ इंच असते आणि बोइंग ७३७ मध्ये १७ इंचांच्या आसपास. हा फरक कंपनीच्या औदार्यामुळे पडत नाही. ए ३२० चा आतला भाग सुमारे ३.७० मीटर रुंद आहे आणि ७३७ चा सुमारे ३.५४ मीटर, त्यामुळे एका रांगेत सहा सीटा आणि मधली वाट बसवताना बोइंगमध्ये जागा थोडी थोडी कमी पडते. आता आपले खांद्याचे माप आठवावे. तालमीतल्या गड्याचे सोडाच, साध्या भरल्या अंगाच्या पुरुषाचे खांदेही १८ इंचांच्या पुढे जातात. म्हणजे सीट ही बैठकीच्या मापाने बनवलेली वस्तू आहे, खांद्यांच्या नव्हे, आणि तीन रुंद खांद्यांची माणसे एका रांगेत आली की कुणीतरी पुढे झुकून किंवा कलून बसणार हे आधीच ठरलेले असते.

दुसरा आकडा ‘पिच’ या नावाने दिलेला असतो आणि त्याबाबत फार गैरसमज आहे. पिच म्हणजे पायांना मिळणारी जागा नव्हे. एका सीटवरील एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटवरील त्याच बिंदूपर्यंतचे ते अंतर असते, आणि त्यातच मधल्या पाठीची जाडीही मोजलेली असते. आपल्याकडच्या स्वस्त दरांच्या विमानांत पिच बहुधा २८ ते ३० इंच असते. ते २९ धरले आणि पाठीच्या जाडीचे दोन-तीन इंच वजा केले, तर हाती २६-२७ इंच उरतात; त्यातून आपले तिसरे माप वजा करावे. ते २४ भरत असेल तर गुडघ्यापुढे दोन-तीन इंच मोकळे राहतील, आणि २६ च्या वर असेल तर पुढच्या माणसाने पाठ जराशी मागे केली तरी ती गुडघ्यावर येईल.

येथे आपल्या लाल बसची आठवण होते. तीन माणसांच्या बाकावर मध्ये दांडी नसते, म्हणून चंदगडच्या वाटेवर एखादी भरल्या अंगाची बाई चढली आणि “जरा सरकून बसा की वो” म्हणाली, की दोन सडपातळ माणसांची उरलेली जागा तिला मिळते आणि बाक सगळ्यांना पुरतो. विमानातल्या आर्मरेस्टने ही देवघेवच बंद केली. सडपातळ माणसाची उरलेली जागा त्याच्याच सीटमध्ये वाया जाते आणि शेजारच्याला मात्र दोन इंच कमी पडत राहतात. पुढे सांगितलेल्या बऱ्याच युक्त्या म्हणजे ही देवघेव पुन्हा कशी सुरू करता येईल याच्याच आहेत.

सांबऱ्याला कोणते विमान येते ते आधी पाहावे

बेळगावचा विमानतळ शहरापासून दहा-अकरा किलोमीटरवर सांबरा येथे आहे. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, तो बांधला गेला आणि २०१७ मध्ये त्याची नवी इमारत सुरू झाली. येथून उडणारी विमाने आकाराने एकमेकांपेक्षा फार वेगळी असतात, आणि मोठ्या शहरातून प्रवास करणाऱ्याला जो विचार करावा लागत नाही तो आपल्याला करावा लागतो. हंगामानुसार मार्ग आणि विमाने बदलत असल्याने तिकीट काढताना पडद्यावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो तो वाचूनच पुढे जावे.

पंख्यांचे एटीआर ७२ हे विमान इंडिगो वापरते. त्यात वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीटा असतात आणि मधली सीट हा प्रकारच नसतो. चढ-उतार मागच्या दाराने होते, त्यामुळे ज्यांना अरुंद वाटेतून चालणे जड जाते त्यांनी मागच्या बाजूची सीट घ्यावी. इतर विमानांच्या सवयीने पुढची सीट मागून घेतली तर संपूर्ण विमान ओलांडावे लागते. स्टार एअरकडे एम्ब्रेअर बनावटीची दोन प्रकारची विमाने आहेत. त्यांतले मोठे, ई १७५, दोन-दोन सीटांचे असून त्याची सीट १८ इंचांहून थोडी अधिक रुंद असते. रुंद बांध्याच्या माणसाला स्वस्त वर्गात यापेक्षा बरे विमान आपल्या भागात मिळणे कठीण. लहान, ईआरजे १४५, पन्नास सीटांचे. त्यात एका बाजूला एकच सीट आणि दुसऱ्या बाजूला दोन सीटा असतात. ही एकटी सीट हेरून ठेवण्यासारखी आहे, कारण तिला शेजारीच नसतो. वाटही आपली आणि खिडकीही आपली. मात्र या विमानाच्या आतली उंची जेमतेम १.८२ मीटर, म्हणजे सहा फुटांच्या आतबाहेर आहे, त्यामुळे उंच माणसाने डोके सांभाळून शिरावे आणि भिंतीची गोलाई खांद्याला जवळ येते हेही लक्षात ठेवावे. इंडिगोचे ए ३२० आले तर तीन-तीन सीटांची रांग असते, आणि तेथे मधली सीट टाळणे हेच पहिले काम.

निपाणीकडच्या लोकांना कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आणि खानापूरकडच्यांना गोव्यातला मोपा किंवा दाबोळी हेही पर्याय असतात. तेथे जास्त मोठी विमाने मिळतात हे खरे, परंतु चोर्ला घाटातून लहान गाडीत गुडघे दुमडून तीन तास काढल्यावर विमानातल्या दोन इंचांचा फायदा फारसा उरत नाही, असे माझे मत आहे.

कोणाला कोणती सीट

रुंद खांद्यांच्या माणसाने दोन-दोन सीटांच्या लहान विमानात वाटेकडची सीट घ्यावी, कारण खिडकीकडची भिंत खांद्याच्या पातळीवर आत वळलेली असते. ए ३२० सारख्या मोठ्या विमानात मात्र खिडकीची सीट त्याला चांगली. भिंतीला टेकून बसता येते, ट्रॉलीचा मार बसत नाही, आणि त्रास झालाच तर एकाच शेजाऱ्याला होतो.

बैठक रुंद असलेल्यांनी पहिली रांग घेऊ नये. तिथे पुढे सीट नसल्यामुळे खाण्याची फळी आर्मरेस्टमध्ये दडवलेली असते, आणि म्हणून तो आर्मरेस्ट जाडही असतो आणि वर उचलताही येत नाही. पायांना जागा मोकळी दिसते म्हणून माणूस जादा पैसे भरून ही सीट घेतो आणि बसल्यावर मांड्या दोन्हीकडून चिणल्या जातात. याउलट उंच पण सडपातळ माणसाला तीच रांग सर्वांत सोयीची.

लांब पायांसाठी दुसरी चांगली जागा म्हणजे पंखांजवळच्या आपत्कालीन दारांच्या रांगा, परंतु येथे मी स्वतः केलेली चूक सांगणे भाग आहे. माझे मामा उंचीने आणि अंगानेही दांडगे. त्यांना पाय पसरता यावेत म्हणून मी मोठ्या हौसेने पैसे भरून या रांगेतली सीट घेतली. बसल्यावर पट्टा पुरेना, मामांनी हवाईसुंदरीकडे जोड-पट्टा मागितला, आणि तिने नम्रपणे सांगितले की जोड-पट्टा लागणाऱ्या प्रवाशाला या रांगेत बसता येत नाही. सगळ्या विमानादेखत त्यांना उठून मागच्या मधल्या सीटवर जावे लागले. नियम योग्यच आहे. संकटाच्या वेळी लोंबणारा पट्टा पायांत अडकू नये आणि त्या रांगेतल्या माणसाने दार उघडून इतरांना मदत करावी, अशी अपेक्षा असते. म्हणूनच गरोदर स्त्रिया, मुले, वृद्ध आणि आधाराने चालणारे प्रवासी यांनाही ती जागा देत नाहीत. तो नियम आधी वाचला नाही हा दोष माझा होता, आणि मामांनी तो अजून विसरलेला नाही. या रांगांमध्ये पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत, आणि त्यांच्या लगत पुढे असलेल्या सीटांची पाठ बहुधा मागे झुकत नाही, हेही ध्यानात असावे.

कमी उंचीच्या माणसांचा विचार फारसा कुणी करत नाही. सीटची बैठक जमिनीपासून जितकी उंच असते तितकी आपली गुडघ्याखालची लांबी नसेल, तर सारा भार मांडीच्या मागच्या बाजूवर येतो आणि रक्त खेळत नाही. आईसाठी आता मी एक नरम कापडी पिशवी भरून देतो. ती पुढच्या सीटखाली पूर्ण सरकवली की तिच्यावर पाय टेकवता येतात. पिशवीत शाल आणि कपडेच असावेत. एकदा कुंद्याचा डबा त्याच पिशवीत गेला आणि मुंबईच्या नातवंडांना कुंदा चमच्याने खरवडून खावा लागला. उंच माणसाने मात्र अगदी उलट वागावे, म्हणजे सर्व सामान डोक्यावरच्या कप्प्यात ठेवावे, कारण पुढच्या सीटखालची पोकळी हीच त्याच्या पावलांची जागा असते.

कुटुंबाने मिळून जाताना सर्वांत स्वस्त जादा जागा म्हणजे आपलाच बारीक माणूस. तीन सीटांच्या रांगेत रुंद माणूस वाटेकडे, मूल मध्ये आणि तिसरे कुणी खिडकीकडे असे बसवले, की मधला आर्मरेस्ट वर करून लाल बसच्या बाकासारखी देवघेव करता येते. एकाच तिकिटावरच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी बसवावे, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले आहे. दोघांनीच जायचे असेल तर खिडकीची आणि वाटेकडची सीट घेऊन मधली रिकामी सोडण्याचा जुगारही लोक खेळतात. गणेशोत्सव आणि दिवाळीच्या दिवसांत तो लागत नाही.

पट्टा

पट्ट्याची लांबी विमानागणिक बदलते, त्यामुळे एका विमानात पुरला म्हणून दुसऱ्यात पुरेलच असे नाही. कमी पडला तर जोड-पट्टा मागावा. तो फुकट मिळतो. विमानात शिरताना दारातच हळू आवाजात सांगून ठेवले की तो सीटवर आणून देतात आणि कुणाला कळतही नाही. ऑनलाइन विकत मिळणारा जोड-पट्टा नेऊ नये, कारण बकलाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि कर्मचारी तो वापरू देत नाहीत. पट्टा पोटावरून न घेता पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवरून घट्ट घ्यावा, आणि गरोदर स्त्रियांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

दोन सीटा घेण्याचा प्रसंग आला तर

बसल्यावरची रुंदी १९-२० इंचांच्या पुढे असेल आणि शेजारी घरचे माणूस नसेल, तर दुसरी सीट विकत घेण्याचा विचार करावा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मोडलेला पाय प्लास्टरमध्ये असलेले लोकही हेच करतात. मात्र पडद्यावर दोन प्रवासी भरून दुसऱ्याच्या नावाचे तिकीट काढू नये, कारण तो प्रवासी आला नाही असे समजून ती सीट दुसऱ्या कुणाला दिली जाऊ शकते. कंपनीच्या दूरध्वनी केंद्राशी बोलून आपल्याच नावावर जादा सीट घ्यावी, दोन्ही सीटा शेजारी-शेजारी आणि मध्ये उचलता येणारा आर्मरेस्ट असलेल्या आहेत हे विचारून घ्यावे, आणि दोन्हींचे बोर्डिंग पास हाताशी ठेवावेत. शेजारची सीट रिकामी पाहून कुणी येऊन बसू लागले तर ती आपली आहे हे शांतपणे दाखवता येते.

ही दुसरी सीट फुकट मिळावी का, यावर जगात वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. कॅनडात २००९ पासून देशांतर्गत उड्डाणांसाठी ‘एक माणूस, एक भाडे’ असा दंडक मोठ्या कंपन्यांना लागू झाला. अपंगत्वामुळे, आणि अपंगत्व ठरेल इतक्या स्थूलतेमुळेही, दुसरी सीट लागणाऱ्याकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत असा त्याचा आशय आहे. सामोआ एअर या छोट्या कंपनीने २०१३ मध्ये बरोबर उलटे टोक गाठले आणि प्रवाशाच्या वजनावर भाडे लावले. अमेरिकेत सीटा आक्रसत चालल्याचा खटला न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी विमान प्रशासनाला या प्रश्नाकडे पुन्हा पाहण्यास सांगितले; २०१८ च्या कायद्याने सीटची किमान मापे ठरवण्याची सूचनाही दिली. तेथील वाद आरामाचा नसून सुरक्षिततेचा आहे, कारण अर्धीच दारे उघडी असताना संपूर्ण भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे अशी अट मोठ्या विमानांना असते, आणि सीटा जवळ आल्यावर दणकट किंवा वृद्ध माणसे तेवढ्या वेळात बाहेर पडतील का, हा प्रश्न आहे. आपल्याकडे मात्र फुकट दुसरी सीट मिळेल असे गृहीत धरून विमानतळावर जाऊ नये.

विमानात गेल्यावर

दोन-दोन सीटांच्या लहान विमानात कधी कधी कर्मचारी एखाद्याला पुढून मागे किंवा मागून पुढे बसायला सांगतात. दांडग्या माणसाला हे आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटते, पण विमान लहान असले की भार पुढे-मागे सम विभागावा लागतो आणि प्रवासी कमी असतील तर सडपातळ माणसांनाही हलवतात. म्हणूनच मागची रांग रिकामी दिसली तरी न विचारता उठून तिथे जाऊ नये.

आर्मरेस्ट कुणाचा, हा वाद टाळण्यासाठी एक संकेत पाळला जातो. मधल्या सीटवाल्याला दोन्ही आर्मरेस्ट, कारण त्याला ना भिंत ना वाट. रुंद माणसाने आर्मरेस्ट वर करायचा असेल तर आधी विचारावे, आणि शेजाऱ्याने तो खाली हवा असे म्हटले तर तो त्याचा हक्क मानावा. सांबऱ्याच्या विमानात शेजारी कन्नड बोलणारा असण्याची शक्यता निम्मी तरी असतेच. “स्वल्प सरीरी”, म्हणजे ‘जरा सरका’, एवढे हसून म्हटले तरी पुष्कळ काम होते. उलट, आपल्या सीटमध्ये शेजाऱ्याचे अंग येत असेल तर त्याच्याशी त्याच्या देहाविषयी बोलू नये. त्याने सीट बनवलेली नाही. उठून मागे कर्मचाऱ्यांच्या जागेजवळ जावे आणि दार बंद झाल्यावर दुसरी सीट रिकामी असेल तर द्यावी असे सांगावे. तोपर्यंत कोणती सीट रिकामी राहणार हे त्यांनाही ठाऊक नसते.

गुडघेदुखी असलेल्यांना बाहेर पडताना वाटेकडचा आर्मरेस्ट आडवा येतो. अनेक विमानांत त्याच्या खालच्या बाजूला, मागे बिजागरीजवळ, एक लपलेली कळ असते आणि ती दाबली की तो वर उचलता येतो. सर्व विमानांत ती नसते, म्हणून कर्मचाऱ्यांना दाखवायला सांगावे. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो खालीच असावा लागतो. चाकांच्या खुर्चीची गरज असेल तर ती निघण्याच्या किमान ४८ तास आधी कळवावी. विमानातले स्वच्छतागृह अतिशय अरुंद असते, तेव्हा विमानतळावरचे वापरूनच बसावे.

मुलांकडे परदेशी जाताना

बेंगळूर किंवा मुंबईहून पुढे जाणाऱ्या लांबच्या प्रवासात मापे अधिक काटेकोरपणे पाहावीत, कारण तास-दीड तासाचे अवघडणे वेगळे आणि पंधरा तासांचे वेगळे. बोइंग ७७७ मध्ये एका रांगेत दहा सीटा असतील तर प्रत्येकी साधारण १७ इंच येतात आणि नऊच असतील तर १८ च्या वर; म्हणजे विमानाच्या नावापेक्षा रांगेतल्या सीटा मोजणे महत्त्वाचे. एअरबस ए ३५० मध्ये नऊच्या रांगेत साधारण १८ इंच मिळतात.

चार तासांहून अधिक एका जागी बसल्याने पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि स्थूल माणसांप्रमाणेच तो फार उंच व फार बुटक्या माणसांनाही अधिक असतो, कारण उंच माणसाचे पाय दुमडलेले राहतात आणि बुटक्याच्या मांड्या सीटच्या कडेवर दाबल्या जातात. तासा-तासाने उठून वाटेत चार पावले टाकावीत, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करावेत, पाणी पीत राहावे आणि कमरेला आवळणारे कपडे टाळावेत. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच घालावेत.

काही माणसांसाठी विमानाची सीट कोणत्याही युक्तीने सोयीची होत नाही, आणि तेव्हा रेल्वेचा विचार करण्यात कमीपणा नाही. बेंगळूरला जायचे असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसची रात्रीची शायिका आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारतही धावते. तिच्या वरच्या वर्गात दोन-दोनच खुर्च्या असतात. मामा हल्ली शायिकाच पसंत करतात.

पैसे भरूनही सीट मिळाली नाही तर

जादा सीट किंवा मोकळ्या पायांची सीट पैसे भरून घेतली आणि विमान बदलल्यामुळे ती गेली, तर पैसे परत मागावेत. काउंटरवर तोंडी वाद घालण्यापेक्षा जुना आणि नवा असे दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवावेत, सीटचे पैसे भरल्याची पावती वेगळी उतरवून घ्यावी आणि आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या पोर्टलवर ती नोंदवता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तक्रारीत ‘फार गैरसोय झाली’ असे मोघम न लिहिता आपले माप, घेतलेल्या सीटचा क्रमांक आणि प्रत्यक्ष मिळालेल्या सीटचा क्रमांक लिहावा. भाच्याची तिन्ही मापे मी आता फोनमध्ये त्याच्या आधार क्रमांकाखालीच लिहून ठेवली आहेत. परतीच्या तिकिटाच्या वेळी ती काढून एकटी सीट शोधायला दोन मिनिटेही लागली नाहीत.